रायबाने शिकवलेला होकार

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाची वाट सोडून तासभर चढलं की उतेकरांची वाडी लागते. बावीस उंबरे. त्या वाडीत इंग्रजी बोलणारा एकच माणूस होता, रायबा उतेकर, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

जर्मनच्या लढाईत तो समुद्रापलीकडे, इराकातल्या बसऱ्याला गेला होता. बंदूक धरायला नव्हे. तिथल्या लष्करी इस्पितळात पाणी भरायचं, जखमींना उचलून इकडून तिकडे ठेवायचं, त्यांची भांडी धुवायची, हे त्याचं काम. तीन वर्षांनी परतला तेव्हा अंगात खाकी कोट होता आणि तोंडात इंग्रजी. वाडीने त्याला मधे बसवून विचारलं, साहेब कसा बोलतो? त्याने बोलून दाखवलं. कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली.

पुढची बारा वर्षं तो त्या खात्रीवर जगला. बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नाही, चार म्हशी आणि नाचणीचं एक उतरतं शेत एवढाच पसारा. कुणाच्या घरी तार आली की ती त्याच्यापुढे धरली जाई. तो ती उलटसुलट बघून म्हणे, "वाचायचं काम माझं नव्हं. मी बोलणारा हाय." मग तार पोलादपूरला पोस्टमास्तरकडे जाई आणि रायबाचा मान जागच्या जागी राही.

त्याला इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. पाणी, दुखतं, कुठे, हळू, वळा, थांबा, रडू नका, हे सगळं त्याला स्वच्छ म्हणता येई. पण समोरच्याने चार वाक्यं सलग टाकली की त्यातलं अर्धं वाक्य हाताला लागे, बाकीचं ओंजळीतल्या पाण्यासारखं खाली जाई. पहिल्याच आठवड्यात तो एका गोऱ्या अंमलदाराला म्हणाला होता की समजलं नाही. त्याबद्दल त्याला पंधरा दिवस मैल्याच्या बादल्या उचलाव्या लागल्या. तिथल्या जुन्या जमादाराने त्याला बाजूला घेऊन शहाणं केलं. साहेब काय बी म्हणू दे, तू येस म्हणायचं. काम काय ते दुसऱ्याकडं बघून कळतं. त्यानंतर तीन वर्षांत रायबाने समजलं नाही असं एकदाही म्हटलं नाही. त्याला बढतीही मिळाली.

एकतीस सालच्या दिवाळीनंतर त्याच्या ओटीवर आवडी आली. शेजारच्या ठमाबाईची सून. ठमाबाईचा धाकटा मुलगा पांडू मुंबईला गोदीत असताना तापाने गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. मागे ही आवडी आणि चार वर्षांची शकू. आवडीचा बाप महाडला शाळेत शिपाई होता, म्हणून ती मराठी सहा यत्ता शिकली होती आणि इंग्रजीची पहिली दोन पुस्तकं अडखळत वाचू शकत होती. पोलादपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला एका अडलेल्या बाईपाशी काम करताना पाहिलं आणि मुंबईच्या एका इस्पितळात नर्सच्या शिक्षणासाठी तिच्या नावाने अर्ज धाडला. त्याचं उत्तर आलं होतं. मार्गशीर्षात अमुक दिवशी हजर व्हावं. लेखी काही नाही. मेट्रन, म्हणजे नर्सांवरच्या मुख्य बाई, स्वतः दहा मिनिटं इंग्रजीत बोलतील. डॉक्टरांचं आणि रोग्यांचं बोलणं जिला समजेल तिलाच घेतलं जाईल.

"डॉक्टर म्हणतात वाचून काही होणार नाही, बोलायची सवय करा," आवडी म्हणाली. "महाडच्या मास्तरांकडे रोज सहा कोस कशी जाऊ, रायबाकाका?"

मागे ठमाबाई उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं. "तुज्याबिगर हाय कोण रे इथं बोलणारा? पोरीचं लागलं तर तिघींच्या पोटाचं लागलं. नाय तर या एवढ्याशा खाचरात तीन तोंडं किती दिस घालू?"

रायबाने नाही म्हणायला हवं होतं. त्याने खाकी कोट खुंटीवरून काढला आणि अंगात घातला.

दीड महिना शिकवणी चालली. संध्याकाळी म्हशी बांधून झाल्या की रायबा ओटीवर घोंगडी टाकून तिच्यावर आडवा होई. तो जखमी सोल्जर. आवडी नर्स. ठमाबाई सूप घेऊन नाचणी निवडत बसे आणि शकू म्हशीच्या शेपटीशी खेळे. तो कण्हे, इंग्रजीत पाणी मागे, आवडी तांब्या आणून इंग्रजीत विचारी, कुठे दुखतं, जास्त का थोडं, हळू वळा.

वाडीचा म्होरक्या हैबती वाटेने जाताना थांबे. "काय रे रायबा, मेलास का काय?"

"गोरा सोल्जर हाय मी. पाय तुटलाय."

"कुठला?"

"डावा."

"मंग उजवा का धरलायस?"

ठमाबाई सूप खाली ठेवून हसे. आवडी मात्र हसत नसे. तिला प्रत्येक शब्द हवा होता. भात झोडताना, पाणी भरताना ती ओठ हलवत असे. बायका म्हणत, ठमाबायच्या सुनंला वारं लागलंय. स्वतःचं नाव, गाव, वय, नवरा वारला, हे तिने इतकं घोटलं की रायबालाच ते ऐकून आपण कोणी तरी मोठे मास्तर आहोत असं वाटू लागलं.

जायला आठ दिवस होते तेव्हा तिने विचारलं, "काका, त्या काही तरी बोलल्या आणि मला समजलं नाही तर काय म्हणायचं?"

"येस मॅडम म्हणायचं. हसून."

"पण समजलं नाही असं सांगितलं तर पुन्हा सांगतील की."

"सांगत नायत. ह्या बाईला काय येत नाय असं त्यांना कळतं, आन तू गेलीस भाएर."

"तरी पण. समजलं नाही, याला इंग्रजीत म्हणतात काय? एकदा सांगून तर ठेवा."

रायबाला ते ठाऊक होतं. बसऱ्याच्या पहिल्या आठवड्यापासून ते दोन शब्द त्याच्या जिभेखाली पडून होते. ते हिला दिले तर ही ते वापरणार. त्याच्यासमोरही वापरणार. सोल्जर होऊन पडल्या पडल्या तो जी काही मोडकी वाक्यं रचत होता, त्यांच्याबद्दल ही मान वर करून विचारणार, काका, हे समजलं नाही, याचा अर्थ काय? आणि अर्थ त्यालाही माहीत नव्हता.

"तसा शबूद नाय इंग्रजीत," तो म्हणाला. "त्यांना सगळंच समजतं गो. त्यांना कशाला लागतोय तसला शबूद?"

ठमाबाई म्हणाली, "बघ, असंच असणार." आवडीने त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. हे बोलताना आपल्याला काहीच वाटलं नाही, असं तो पुढे लोकांना सांगे. ते खरं नव्हतं. त्याच वेळी उठून त्याने म्हशींना दुसऱ्यांदा वैरण घातली होती.

आवडी भावाबरोबर मुंबईला गेली. भाऊ सदू गोदीतच कामाला होता. आठव्या दिवशी कार्ड आलं आणि पोस्टमास्तरांनी ते वाचून दाखवलं. आवडीला घेतलं. सतरा जणींतून सहा घेतल्या, त्यांत ती. पौषात हजर व्हायचं.

त्या पौर्णिमेला काळकाईच्या देवळात गावकी बसली. गावकीत कोण कुठे बसतं हे त्या वाडीत आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं असतं. थोरल्या घरांची माणसं वरच्या पायरीवर, बाकीची खाली मातीत. रायबाचं घर धाकट्या पातीचं, तो जन्मभर मातीत बसला. त्या दिवशी हैबतीने त्याच्या हातात नारळ दिला आणि पायरीवर आपल्या शेजारची जागा हाताने पुसली. "बस इथं. वाडीची पोर तू साहेबापुढं हुबी केलीस." रायबा बसला. दगड थंड होता, आणि त्यावरून सगळ्यांची डोकी वेगळी दिसत होती.

आवडी येऊन शकूला घेऊन गेली. सदूच्या खोलीत त्याची बायको शकूला सांभाळेल, रविवारी सुटी असेल तेव्हा आपण जाऊ, असा तिचा बेत होता. दासगावच्या बंदरावरून त्या होडीत बसल्या तेव्हा पोचवायला रायबाही गेला होता. तिने त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

तीन आठवड्यांनी सदू वाडीत आला. शकू त्याच्या खांद्यावर झोपली होती. तो आधी ठमाबाईकडे गेला आणि मग रायबाच्या ओटीवर येऊन बसला. पाणीही न पिता बोलू लागला.

"तिथं रूल हाय, काका. पोरवालीला घेत नाय ते लोक. तीन वरसं तिथंच राहायचं, घरचं मागं काय लफडं नको."

"मंग हिला घेतली कशी?"

"मेट्रननं पुसलं व्हतं ना त्या दिवशी. तुला मूलबाळ नाय, या रूलमधी तू बसतेस ना, असं काय तरी लांबलचक. ही बोलली येस मॅडम. हसली पण. मेट्रनला वाटलं, बरी हाय. कागदावर सही घेतली. आता दुसऱ्या एका पोरीनं तिला मराठीत रूल समजावला तवा हिच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते."

रायबाने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"आन वर काय झालं, मी शकूला घेऊन फाटकाशी गेलेलो. ही धावत आली. मागनं मेट्रन. पुसती, ही कोण? आवडी बोलली, भावाची मुलगी. आन शकूला बोलली, आत्या म्हण. ही येडी म्हणाली पण. आता कळलं तर नोकरी जाती, वर खोटं बोलली म्हणून नाव खराब. म्हणून आणली परत." सदूने शकूकडे बघितलं. "वाटंनं सारखी पुसत व्हती, आत्या कवा येणार."

दोन दिवसांत ते वाडीभर झालं. पाणवठ्यावर एकच बोलणं. पोटच्या पोरीला भाची केली. नोकरीसाठी कूस नाकारली. ठमाबाईने सुरुवातीला दारं लावून घेतली, पण तिचाही राग हळूहळू त्याच वाटेने गेला. ती म्हणू लागली, पोर नाकारणार हे मला सांगून नाय गेली, मी अडवली असती का? पांडूचा थोरला भाऊ चांगू वेगळा राहत होता. त्याला मूल नव्हतं. त्याने गावकीत शब्द टाकला. आईने स्वतःच्या तोंडाने नाकारलेली पोर आईची राहत नाय. शकू माझ्या घरात द्यावी, माझ्या नावावर. आवडीने पुन्हा तिच्यावर हक्क सांगू नये. शिमग्याच्या आधीच्या रविवारी गावकी बसायची ठरली.

त्या मधल्या दिवसांत रायबाला आवडीपेक्षाही एका वेगळ्याच माणसाची आठवण येऊ लागली. बसऱ्याच्या इस्पितळात पोटात गोळी लागलेला एक गोरा होता, विशी-बाविशीचा. भर दुपारी त्याने रायबाचा हात धरला आणि काही तरी सांगायला लागला. बराच वेळ, सावकाश, जणू आपला ऐकणारा मठ्ठ आहे हे त्याला माहीत होतं. रायबाने येस म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की ना, अशा डोळ्यांनी. रायबाने पुन्हा येस म्हटलं. मग त्या माणसाने हात सोडला आणि त्याचा चेहरा निवला. तो संध्याकाळी मेला. पंधरा वर्षं रायबा ही गोष्ट आपल्या पुण्याईची म्हणून मनात धरून होता, मी एका मरणाऱ्याला समाधान दिलं. आता म्हशीचं दूध काढता काढता त्याचा हात थांबू लागला. आपण त्याला काय कबूल केलं होतं? कुणाला काय कळवायचं होतं, कुणाला काय द्यायचं होतं? कुठल्या तरी गावात कुणी तरी त्या गोष्टीची वाट बघितली असेल, आणि ती गोष्ट आपल्या न समजलेल्या येसपाशीच संपली होती.

रविवारी गावकी बसली. रायबा पायरीवर, हैबतीच्या शेजारी. चांगूने आपलं म्हणणं मांडलं. वाईट बोलला नाही. पोरीला गाय देईन, शाळेत धाडीन म्हणाला. हैबतीने ठमाबाईला विचारलं, तुझं काय? ती खाली बघून म्हणाली, "पंचांना वाटंल ते."

"मंग कुणाचं काय बोलणं नसंल तर," हैबती म्हणाला.

"माजं हाय," रायबा म्हणाला.

"बोल की. तू तर तिचा गुरू."

"तिनं नाकारली नाय पोर. तिला परश्नच कळला नव्हता. कळला नाय तरी येस म्हणायचं, हे मी शिकवलेलं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, नाय समजलं असं बोलायचं. एवढं तरी येतं ना तिला?"

"तिनं मला इचारलं व्हतं. नाय समजलं याला इंग्रजीत काय म्हणत्यात. मला ठावं व्हतं. मी सांगितलं नाय. तसा शबूदच नाय म्हणालो."

"का पण?" हे ठमाबाईने विचारलं. गावकीत बाई अशी मधे बोलत नाही, पण तिला कुणी गप्प केलं नाही.

रायबाला वाटलं होतं की इथवर आलं की पुढचं सोपं असेल. ते सोपं नव्हतं. "मला येत नाय," तो म्हणाला. "इंग्रजी. म्हंजे येतं, पण समजत नाय. तीन वरसं तिकडं मी नुस्ता येस म्हणत व्हतो. तिला तो शबूद दिला असता तर तिनं मलाच इचारलं असतं, आन मी उघडा पडलो असतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चांगू म्हणाला, "ते काय असंल ते असंल. फाटकाशी तर तिला कळत व्हतं ना? तिथं भावाची पोर म्हणाली ती?"

"तवा तिच्या गळ्याला माज्या येसची दोरी व्हती रे," रायबा म्हणाला. "ती तोडली असती तर तिगी इथं उपाशी राह्यल्या असत्या. तूच सांग, तू काय म्हणाला असतास?"

हैबतीने निवाडा दिला. पोर आवडीची. तिचं शिकणं संपेपर्यंत ठमाबाईजवळ राहील. चांगूने मदत करावी, हक्क सांगू नये. गावकी उठली. पुढच्या बैठकीला रायबा आपणहून खाली मातीत जाऊन बसला, आणि वर बोलावायला कुणी आलं नाही.

शिमग्याला आवडीला दोन दिवसांची रजा मिळाली. ती सकाळी आली, आणि दिवस कलताना रायबाच्या गोठ्यापाशी उभी राहिली. पायात चपला होत्या. अंगाला साबणाचा वास येत होता.

"सासूबाईंनी सांगितलं," ती म्हणाली. "खरं का?"

"खरं."

"दोन शब्द तर होते, काका."

"व्हय."

"मी पहिल्याच आठवड्यात शिकले ते. एका मद्रासी मुलीने शिकवले. दिवसातून दहा वेळा म्हणते. कोणी हाकलत नाही. मेट्रन उलट म्हणतात, विचारत जा." ती भिंतीला टेकली. "मला वाटायचं हा शब्द नवीन निघाला असेल."

रायबाने म्हशीचं दावं सोडलं आणि पुन्हा बांधलं. "मी मुंबईला येतो. मेट्रनच्या पाया पडतो. सांगतो, चूक माजी हाय."

"कुठल्या भाषेत सांगणार?"

रायबाने दाव्याची गाठ आणखी आवळली.

"मी सांगणार नाही त्यांना," आवडी म्हणाली. "दोनदा दारापर्यंत जाऊन आले. आत गेले तर संपलं. पावणेतीन वर्षं उरली आहेत. मी खोटी म्हणून काढीन ती." तिचा आवाज चढला नव्हता, नाडी मोजताना असावा तसा होता. "पण शकू मला आत्या म्हणते. सकाळपासून मी तिला सांगतेय, ती खाली बघते. आत्या म्हणावं म्हणून मुंबईत मी तिला एकदा मारलं होतं. आता गोंजारून काय उपयोग? मी परवा जाणार. सासूबाई सांगतील दोन दिवस, मग चिडतील. तुम्ही सांगायचं."

"काय?"

"मी तिची कोण ते. रोज. तुम्हाला शिकवता येतं, काका. माझ्याकडून तुम्ही किती घोटून घेतलं होतं. तसंच तिच्याकडून घ्या."

तिने त्याला माफ केलं का, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. जाताना ती पाया पडली नाही, आणि त्याला ते बरं वाटलं.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला रायबा ठमाबाईच्या अंगणात जाऊ लागला. ओटीवर चढत नसे, जात्याशेजारी उकिडवा बसे. ठमाबाई शकूला बाहेर पाठवी आणि आत भांडी वाजवत राही. तो शकूला आवडीचं सांगे. तुझी आई मुंबईला आजारी माणसांचं करते. तिने तुला हितंच, या घरात, पावसाच्या दिवसांत जन्म दिला. तुझ्या कानामागचा तीळ तिनं आधी बघितला. सांगण्यासारखं लवकरच संपलं, मग तो ठमाबाईला विचारून नवीन आणू लागला. सुरुवातीला शकू ऐके. शेणाचा पो हातात घोळवत विचारी, मग आत्या कोण? तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

तिला साडेपाच वर्षं झाली तेव्हाची एक संध्याकाळ. तिच्या मैत्रिणी देवळामागे खेळत होत्या आणि त्यांचा आवाज येत होता.

"तुजी आय कोण?" रायबाने विचारलं.

"आवडी."

"कुठं असती?"

"मुंबयला. इस्पितळात. माज्या कानामागं तीळ हाय. बाप तापानं मेला." तिने सगळं एका दमात, शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून टाकलं आणि एका पायावर उभी राहिली. "आता जाऊ?"

"तिची आठवण येती का तुला?"

शकूने खूप विचार केला. तिला रायबाआजोबांचं मन मोडायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती म्हणाली, "तिचं तोंड कसं हाय, ते पण सांगा ना. म्हंजी येईल."

रायबा सांगू लागला. रंग, कपाळ, हसताना एक गाल आत जातो तो. कुठला गाल, हे त्याला आठवेना. त्याने आत वळून ठमाबाईला हाक मारली आणि विचारलं.